पहिले पुस्तक कोणते?

दिवाळी आली की आमच्या जुन्नर-आंबेगाव भागातील घराघरांत दोन तऱ्हेची मंडळी एकत्र येतात. एक गावी राहून कांदा-टोमॅटो पिकवणारी, आणि दुसरी पुण्याला हिंजवडीत किंवा खराडीत कॉम्प्युटरपुढे बसून पगार मिळवणारी. फराळाची ताटे पुढे आली की पहिल्यांपैकी कोणीतरी दुसऱ्यांना हमखास विचारते, "आमची पोरगी जावा शिकायचं म्हणतेय. पुस्तक कुठलं घेऊ?" त्यावर दोनच उत्तरे ठरलेली. एक, "अहो काका, पुस्तक कशाला हवंय? मोबाइलवर सगळं आहे!" आणि दुसरे, "घ्या एखादं चांगलं जाडजूड, म्हणजे पुन्हा घ्यायला नको." यांतले पहिले उत्तर अर्धे खरे आहे व दुसरे पुरते चुकीचे आहे. दिवाळी अंकाच्या निमित्ताने या सदराला नेहमीपेक्षा ऐसपैस जागा मिळाली आहे, तेव्हा त्या काकांच्या प्रश्नाचा जरा नीट विचार करू या.

मराठीच्या प्राध्यापकाला या विषयात बोलण्याचा अधिकार काय, असे वाचक विचारतील; आणि ते रास्तच आहे. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले व्यावहारिक. महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर मराठीचा माणूस बहुधा असतोच, कारण पुस्तके म्हणजे मराठीवाल्यांचे काम, अशी सर्वांची समजूत असते. त्यामुळे ज्ञानेश्वरीच्या मागणीपत्राबरोबर जावाच्या मागणीपत्रावरही सही करावी लागते, आणि सही करण्यापूर्वी पुस्तक चाळून पाहण्याची खोड मला जडली आहे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. जावा, पायथॉन, सी प्लस प्लस यांना सारे जग 'भाषा' म्हणते. त्यांना शब्द आहेत, व्याकरण आहे, बरी-वाईट शैलीदेखील आहे. आणि भाषा कोणत्या पुस्तकाने येते व कोणत्या पुस्तकाने कायमची सुटते, हे पाहण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत.

शहरातल्या मुलाने चुकीचे पुस्तक घेतले तर फारसे बिघडत नाही. तो दुसरे घेतो, मित्राचे आणतो, शेजारच्या दादाला विचारतो. आमच्याकडील मुलाचे तसे नसते. हजाराच्या घरातले पुस्तक म्हणजे भाव पडलेल्या दिवशी टोमॅटोचे किती क्रेट, हा हिशेब बापाच्या डोक्यात असतो. घरात एकच पुस्तक येते आणि ते समजले नाही, तर दोष पुस्तकाचा असेल अशी शंकासुद्धा त्या मुलाच्या मनात येत नाही. 'आपल्याला हे जमणारे नाही' एवढाच निष्कर्ष तो काढतो. चुकीच्या पुस्तकाची खरी किंमत ही असते.

आमच्या ग्रंथालयात असे एक पुस्तक आहे. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावची मुलगी. दहावीपर्यंत सारे शिक्षण मराठीतून झालेले. तिच्या भावाने पहिल्या पगारातून हजारावर पानांचा जावाचा ग्रंथ तिला घेऊन दिला. दीड वर्षाने ती विषय बदलून दुसरीकडे गेली आणि जाताना तो ग्रंथ ग्रंथालयाला देऊन गेली. मी तो उघडून पाहिला. पहिल्या पानापासून चाळिसाव्यापर्यंत प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत मराठी अर्थ लिहिलेले होते. एकेका पानावर वीस-पंचवीस शब्द. एकेचाळिसाव्या पानापासून पुढे मात्र पुस्तक कोरे करकरीत. कष्टांत ती मुलगी कोठेही कमी पडली नव्हती. चाळीस पाने शब्द-शब्द उपसून काढणारी मुलगी आळशी म्हणायची, तर उद्योगी कोणाला म्हणायचे?

तिने लिहिलेले अर्थ मी मुद्दाम वाचले. 'ॲबस्ट्रॅक्ट' या शब्दावर तिने 'सारांश' असे लिहिले होते. 'इन्स्टन्स'वर 'उदाहरणार्थ', 'कन्स्ट्रक्टर'वर 'बांधणारा'. शब्दकोशात हे अर्थ आहेतच. त्यात तिची काही चूक नव्हती. परंतु 'सारांश वर्ग' म्हणजे काय, याचा बोध कोणाला होणार? इंग्रजी शब्दाला मराठी शब्द मिळाला, तरी त्या शास्त्रात तो कोणत्या कामाला जुंपला आहे, हे कळल्याशिवाय वाक्य उभे राहत नाही. ते सांगणे पुस्तकाचे काम होते. आणि ते पुस्तक त्या कामासाठी लिहिलेलेच नव्हते. तो संदर्भग्रंथ होता. येत असलेले विसरले तर पाहावयाचा.

भाषा शिकण्याच्या पुस्तकांच्या जाती निरनिराळ्या असतात, हे आपल्या मराठीच्या इतिहासात चांगले दिसते. विल्यम केरी याने १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण छापले, ते परक्या साहेबांना मराठी यावी म्हणून. आणि त्याला रोजच्या विषयांवरील संवाद जोडले, कारण नुसत्या नियमांनी माणूस बोलू लागत नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले. मोल्सवर्थचा प्रचंड कोश प्रथम १८३१ मध्ये व वाढवून १८५७ मध्ये निघाला. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. ही सारी थोर पुस्तके आहेत. पण मराठी शिकू इच्छिणाऱ्या माणसाच्या हाती पहिल्या दिवशी मोल्सवर्थ द्यावा आणि 'पहिल्या पानापासून वाचा' म्हणून सांगावे, असे कोणी करील काय? अंकलिपी, व्याकरण, कोश आणि शैलीविचार, अशा या चार पायऱ्या आहेत. जावाच्या बाबतीत मात्र आपण राजरोसपणे चौथी किंवा तिसरी पायरी पहिली म्हणून विकत घेतो.

दुकानातील फळीकडे या दृष्टीने पाहिले की गोंधळ बराच कमी होतो. हर्बर्ट शिल्ट यांचे 'जावा : द कम्प्लीट रेफरन्स' हा कोश होय, नावातच तसे म्हटले आहे. जोशुआ ब्लॉक यांचे २००१ साली प्रथम निघालेले 'इफेक्टिव्ह जावा' हा शैलीविचार. ते सुरेख पुस्तक आहे, पण ज्याला जावा लिहिता येते त्यालाच ते समजते. कॅथी सिएरा व बर्ट बेट्स यांचे 'हेड फर्स्ट जावा' (२००३, तिसरी आवृत्ती २०२२) चित्रे, संवाद आणि कोडी घालून शिकवते. मात्र त्यातले अमेरिकन विनोद आमच्या मुलांना अनेकदा अडवतात. ई. बालगुरुसामी यांनी आपल्या जावाच्या पुस्तकाला 'प्रायमर' म्हटले आहे. त्याची इंग्रजी साधी, वाक्ये आखूड. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' पुष्कळांच्या घरी असते, पण सी ही ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पायथॉनसाठी स्वरूप सी. एच. यांचे 'अ बाइट ऑफ पायथॉन' किंवा ॲलन डाउनी यांचे 'थिंक पायथॉन' ही पुस्तके इंटरनेटवर मोफत वाचावयास मिळतात, आणि दोन्ही प्रारंभकांसाठीच लिहिलेली आहेत.

या बाबतीत सर्वांत बोलका दाखला सी प्लस प्लसच्या जनकाचाच आहे. बियार्ने स्ट्राउस्ट्रप या डॅनिश गृहस्थाने ती भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रचली आणि १९८५ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. तो आजही प्रमाण मानतात. पुढे त्याच्यावर टेक्सासमध्ये महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवण्याची पाळी आली. तेव्हा आपलाच प्रसिद्ध ग्रंथ त्यांच्यापुढे ठेवून तो मोकळा झाला नाही. त्याने नवशिक्यांसाठी एक निराळेच पुस्तक लिहिले, ते २००८ साली निघाले. भाषेच्या बापाला जे कळले, ते आपल्या काकांना आणि दुकानदारांना कळावयास हरकत नसावी.

परीक्षेच्या 'गाइड' पुस्तकांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. त्यांना नावे ठेवण्याची आम्हां प्राध्यापकांत रीत आहे. मी ठेवणार नाही. ती स्वस्त असतात, अभ्यासक्रमाबरहुकूम असतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांच्याइतका सखा दुसरा नाही. परंतु त्यांत प्रश्नापाठोपाठ उत्तर तयार असते. पोहण्याविषयीचे पाच गुणांचे उत्तर पाठ करून कुकडीच्या डोहात उडी घेणाऱ्याचे जे होईल, तेच केवळ गाइड वाचून नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्याचे होते. गाइड जरूर घ्यावे. पण ते दुसरे पुस्तक म्हणून घ्यावे.

आता ही 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' भानगड काय आहे, ते थोडक्यात पाहू. त्यावाचून पुस्तकाची पारख करता येणार नाही. मराठीत तिला 'वस्तुनिष्ठ' म्हणण्याचा मोह होतो, पण तो शब्द आपण परीक्षेतल्या एका वाक्याच्या प्रश्नांना देऊन बसलो आहोत. तेव्हा इंग्रजी शब्दच बरा. ही कल्पना नॉर्वेतील ओस्लो येथे जन्मली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड या दोघांनी १९६० नंतरच्या दशकात, जगातल्या व्यवहारांची नक्कल संगणकावर करता यावी म्हणून 'सिम्युला' नावाची भाषा रचली. तिची १९६७ ची आवृत्ती या साऱ्या घराण्याची मूळ आई. व्यवहार म्हणजे वस्तू. प्रत्येक वस्तूला स्वतःची माहिती आणि स्वतःची कामे. पुढे अमेरिकेत ॲलन के यांनी 'स्मॉलटॉक'मध्ये हा विचार वाढवला व त्याला आजचे नाव दिले. १९९१ मध्ये पायथॉन आणि १९९५ मध्ये जावा लोकांपुढे आली.

नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या तबकड्या आपल्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेल्या असतात. एकूण तीस, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. तबकडीचा आराखडा एक, पण प्रत्यक्ष तबकड्या तीस. प्रत्येकीची जागा निराळी. आराखडा म्हणजे 'क्लास', आणि उभी असलेली एकेक तबकडी म्हणजे 'ऑब्जेक्ट'. ज्या मुलाला हे खोडदच्या रस्त्यावर कळते, त्याला ते पुस्तकात कळू नये, याला कारण पुस्तकच असले पाहिजे.

म्हणून पुस्तकाच्या तीन परीक्षा सांगतो. त्या घेण्यासाठी स्वतःला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. बापाला, भावाला किंवा ग्रंथपालालाही दुकानात उभ्या उभ्या त्या घेता येतात.

पहिली परीक्षा वयाची. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके निम्म्या किमतीत मिळतात. कादंबरी जुनी झाली तर बिघडत नाही; या विषयात मात्र बिघडते. सी प्लस प्लसचे पुस्तक असेल तर पहिला प्रोग्रॅम उघडावा. त्याच्या पहिल्या ओळीत 'आयओस्ट्रीम' या शब्दापुढे टिंब देऊन 'एच' हे अक्षर असेल, तर पुस्तक खाली ठेवावे. त्या भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरले आणि तेव्हापासून ते टिंब व तो एच गेले. निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर काही ठिकाणी अजून ही जुनी रीत शिकवतात, पण आजच्या कंपायलरपुढे ती चालत नाही. पायथॉनच्या पुस्तकात 'प्रिंट' या शब्दापुढे कंस नसेल, तर ते पायथॉनच्या दुसऱ्या अवतारातले समजावे. त्या अवताराची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. जावाच्या पुस्तकात 'ॲपलेट'वर भलेमोठे प्रकरण असेल, तर तेही जुन्या काळचे. ॲपलेट मोडीत निघाल्याचे २०१७ मध्ये जावाच्या नवव्या आवृत्तीतच जाहीर झाले. आणि 'लॅम्डा' हा शब्द शेवटच्या सूचीत कोठेच नसेल, तर ते पुस्तक २०१४ च्या आठव्या आवृत्तीपूर्वीचे म्हणावे.

दुसरी परीक्षा माझ्या विषयाजवळची आहे. 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' यांची जेथे प्रथम ओळख करून दिली आहे, ते पान काढावे. आपल्याकडे क्लास म्हटले की मुलांना आधी शिकवणी आठवते; तेव्हा या पानावर लेखकाची खरी कसोटी असते. मराठी पाचवी-सहावीतले मूलही जाणते की 'नदी' हे सामान्यनाम आणि 'कुकडी', 'मीना', 'घोड' ही विशेषनामे. क्लास हा सामान्यनामासारखा, ऑब्जेक्ट विशेषनामासारखा. पण काही पुस्तके सांगतात की फळ हा क्लास आणि आंबा हा ऑब्जेक्ट. येथे हुशार विद्यार्थी अडखळतो. आंबा ही तर एक जातच आहे! त्यात पुन्हा हापूस, पायरी, रायवळ. मग ऑब्जेक्ट कोठे आहे? ऑब्जेक्ट म्हणजे आढीतून काढून आता माझ्या हातात असलेला हा एक आंबा, ज्याला स्वतःचे वजन आहे आणि देठाजवळ एक डाग आहे. फळाखाली आंबा येतो तो पोटजात म्हणून, वारशाने. त्याला 'इनहेरिटन्स' म्हणतात. जे पुस्तक जात, पोटजात आणि व्यक्ती यांचा असा गोंधळ पहिल्याच पानावर करते, ते पुढे दोनशे पाने तो निस्तरीत बसते.

चांगले पुस्तक ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी वस्तूकडे नेते. परदेशी पुस्तकांत सायकल, कुत्रा, बँकेचे खाते असे दाखले असतात, तेही चालतात. आपल्या शिक्षकांनी मात्र त्यांत घरचे दाखले मिळवावेत. सातबाऱ्याचा कोरा नमुना हा क्लास. गटागटाचा भरलेला उतारा हा ऑब्जेक्ट. त्या उताऱ्यावरील नाव कोणाला मनास येईल तसे खोडता येत नाही. फेरफाराची नोंद व्हावी लागते. माहिती आत बंदिस्त आणि बदल ठरलेल्या वाटेनेच, याला पुस्तकात 'एनकॅप्सुलेशन' असे भारदस्त नाव आहे. 'ॲबस्ट्रॅक्ट क्लास' म्हणजे 'पीक'. शेतात कोणी नुसते पीक पेरीत नाही. कांदा लावतात, बाजरी पेरतात. आणि 'पीक काढा' असा एकच हुकूम सोडला, तर कांदा उपटतात, टोमॅटो तोडतात, बाजरी कापतात. ज्याची त्याची रीत त्या त्या पिकाला ठाऊक. हे 'पॉलिमॉर्फिझम' होय. त्या मुलीला 'सारांश'ऐवजी कोणी 'पीक' म्हणून सांगितले असते, तर एकेचाळिसावे पान बहुधा कोरे राहिले नसते.

तिसरी परीक्षा सर्वांत सोपी. प्रकरणाच्या शेवटी काय आहे, ते पाहावे. 'व्याख्या लिहा', 'फरक स्पष्ट करा' एवढेच असेल तर ते परीक्षेचे पुस्तक. 'हा प्रोग्रॅम असा बदला', 'यातली चूक शोधा', 'दूधडेअरीच्या हिशेबासाठी असे असे लिहा' अशी कामे असतील, तर ते शिकण्याचे पुस्तक. प्रोग्रॅमही छोटे हवेत. वहीच्या एका पानावर मावतील एवढे. पाच पानांचा प्रोग्रॅम छापून 'यावरून स्पष्ट होते की' असे म्हणणाऱ्या लेखकाला विद्यार्थी कधी भेटलाच नसावा. चुका झाल्यावर पडद्यावर कोणते संदेश उमटतात आणि त्यांचा अर्थ काय, हे ज्या पुस्तकात सांगितले आहे त्याला मी स्वतः दोन गुण अधिक देतो, कारण नवशिक्याचा निम्मा वेळ त्या संदेशांकडे पाहत बसण्यातच जातो.

आता इंग्रजीचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही. जावाची अक्षरे इंग्रजी, चुकीचे संदेश इंग्रजी, नोकरीची मुलाखत बहुधा इंग्रजी. तेव्हा इंग्रजी शिकावीच लागते. परंतु समज मराठीतून आणि सराव इंग्रजीतून, अशी वाट असू शकते. मुंबईच्या आय.आय.टी.चा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम या दृष्टीने मोलाचा आहे. जावा, सी प्लस प्लस, पायथॉन यांचे लहान लहान पाठ त्यांनी दृकश्राव्य स्वरूपात तयार केले व त्यांतले कित्येक मराठी आवाजातही दिले; तेही विनामूल्य. पाठ ऐकता ऐकता समोर तेच करून पाहावे, अशी त्यांची रीत. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा दिली, आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटरची एक तुकडी मराठीतून सुरूही झाली. माझा अनुभव असा की आमच्या मुलांसाठी साध्या इंग्रजीतले छोटे पुस्तक आणि जोडीला मराठी बोलणारा पाठ, हा सर्वांत चांगला संसार आहे.

याच्या पाठोपाठ 'पण भाषा कोणती शिकू?' हा प्रश्न येतोच, आणि त्यावर मुले महिनेच्या महिने घालवतात. महाविद्यालयात जी शिकवतात तीच पहिली घ्यावी; निदान विचारायला शिक्षक आणि सोबती तरी असतात. स्वतःच्या हौसेने शिकणाऱ्याने पायथॉनने सुरुवात करावी, कारण तिच्यात पहिल्या दिवशी लिहावे लागणारे मंत्रोच्चार कमी आहेत. जावात एक ओळ पडद्यावर उमटवावयाची तर वाटेत बऱ्याच अनोळखी शब्दांना नमस्कार करावे लागतात. पण एक ध्यानात ठेवावे. जात आणि व्यक्ती, वारसा आणि बंदिस्ती या कल्पना एकदा पक्क्या झाल्या की दुसरी भाषा पहिलीच्या निम्म्या कष्टात येते. मराठी नीट येणाऱ्याला हिंदी यावी, तसे.

आणि मोबाइलवाल्या पुतण्याचे उत्तर? ते अर्धे खरे आहे, असे मी आरंभी म्हटले. मोबाइलवर सगळे आहे, हे खरेच. आणि आता तर प्रश्न विचारला की यंत्र आयता प्रोग्रॅमही लिहून देते. पण सगळे असणे आणि क्रमाने असणे यांत फरक आहे. आठवड्याच्या बाजारातही सगळे असते. म्हणून तेथे स्वयंपाक शिकता येत नाही. कशानंतर काय, कशाच्या आधी काय, आणि आज कशाकडे दुर्लक्ष करावे, हे ज्याने ठरवलेले आहे असे काहीतरी नवशिक्याच्या हाती लागते. चांगले पहिले पुस्तक हे काम करते. शिवाय यंत्राने लिहून दिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही, हे ओळखण्यापुरती भाषा तर स्वतःला आलीच पाहिजे.

शेवटची विनंती ग्रंथालयांना. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगावची महाविद्यालये, कुरण-बेल्ह्याकडील अभियांत्रिकी संस्था आणि गावोगावची सार्वजनिक वाचनालये, सर्वांना ती लागू आहे. यादीची शोभा वाढावी म्हणून दहा जाड ग्रंथांची एकेक प्रत घेण्याऐवजी एका चांगल्या प्राथमिक पुस्तकाच्या दहा प्रती घ्याव्यात. कोश एकच पुरे, तो वाचनकक्षात ठेवावा. पुस्तक घरी न्यावयास परीक्षेपर्यंतची मुदत द्यावी, कारण आठ दिवसांत कादंबरी संपते, भाषा संपत नाही. आणि टर्बो सीच्या काळातील पुस्तके निर्भयपणे रद्दीत काढावीत. जुन्या पुस्तकांविषयी माझ्याइतका हळवा माणूस हे सांगतो आहे, यावरून काय ते समजावे.

तर काका, ही दिवाळी आटोपली की मुलीला बरोबर घेऊनच पुण्याची एस.टी. धरा. दुकानात पुस्तक तुम्ही पारखू नका, दुकानदारालाही पारखू देऊ नका. तिला उभ्याने दोन पाने वाचू द्या. वाचून झाल्यावर तिला विचारा, "काय सांगितलंय यात? मला सांग बरं." तिने तुम्हांला तुमच्या बोलीत चार वाक्ये सांगितली, तर पैसे काढा. सांगता आली नाहीत, तर पुस्तक फळीवर ठेवून दुसरे मागा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. त्या दुकानात पुस्तके पुष्कळ आहेत.